अर्धा तास तुमचा, अर्धा तास तिचा

१

संस्थेच्या तळमजल्यावर सरावाची खोली होती. मधे लाकडी आडोसे घालून तिचे बारा कप्पे केले होते आणि प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक संगणक, एक माईक आणि कानांवर चढवायचा हेडफोन. दुपारी जेवणं उरकली की देशोदेशीहून मँडरिन शिकायला आलेली मंडळी तिथे येऊन बसायची आणि आपापल्या आडोशाकडे तोंड करून बडबडायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बारा माणसं भिंतीशी भांडतायत.

टिटवी रोज दोन ते तीन सात नंबरला बसायची. टिटवी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. लहानपणी डोळे उघडल्यापासून मिटेपर्यंत तिची टिवटिव चालायची, म्हणून आईनं ठेवलेलं हे नाव. बाबा होते तोवर तेही कधीमधी म्हणायचे. आता ते फक्त आईच्या तोंडी उरलं होतं, आणि इथे इतक्या लांब ते कोणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

टिटवी एकतीस वर्षांची होती, चांगली नोकरी सोडून आली होती, आणि वैतागली होती. नऊ महिने झाले तरी ही भाषा तिला वश होत नव्हती. एकच अक्षर चार सुरांत म्हणायचं आणि सूर चुकला की झालं, समोरचा माणूस तोंडाकडे बघत राहायचा. लेखी परीक्षेत ती दोन्ही वेळा सहज सुटली होती आणि तोंडी परीक्षेत दोन्ही वेळा आपटली होती. जिला जन्मभर घरचे "आता पुरे" म्हणत आले, तिनंच बोलण्यात नापास व्हावं, याचं तिला हसूही येत नव्हतं. तिसरी संधी शेवटची होती. ती गेली की परतीचं तिकीट, आणि गावाजवळच्या कारखान्यानं कबूल केलेली दुभाष्याची जागाही गेली. ती जागा मिळाली असती तर टिटवी घरी राहू शकणार होती, आईजवळ. आईच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. उजवा गेलाच होता आणि डाव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

शिकवणाऱ्या बाईंना यातलं काही सांगून उपयोग नव्हता. त्या टिटवीचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या, पेन टेबलावर ठेवायच्या आणि एकच वाक्य म्हणायच्या. नऊ महिन्यांत टिटवीला कानांनी बिनचूक ओळखता येणारं ते एकमेव वाक्य होतं: सरावानं येतं.

२

संस्थेत जोड्या लावायची पद्धत होती. आपण इथल्या कोणाला तरी आपली भाषा शिकवायची, त्यानं आपल्याला त्याची. अर्धा तास तुमचा, अर्धा तास समोरच्याचा. ज्यांच्या भाषेला मागणी होती त्यांच्या चिठ्ठ्या फलकावर लागायच्या आत उचलल्या जायच्या. टिटवीची "मराठी" लिहिलेली चिठ्ठी चार महिने तिथेच होती. तिचे कोपरे वळले, शाई फिकी पडली, आणि रोज तिच्यावरून नजर फिरवताना टिटवीला स्थळ न येणाऱ्या मुलीच्या बापासारखं वाटायला लागलं.

एक दिवस चिठ्ठी जागेवर नव्हती.

नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनानं तिच्यापुढे कागद सरकवला. या कारकुनाला मँडरिनशिवाय दुसरी कुठलीही भाषा येत नव्हती, त्यामुळे त्याच्याशी टिटवीचा सगळा व्यवहार हातवाऱ्यांवर चालायचा. कागदावर सात नंबर होता, टिटवीची वेळ होती, आणि तिच्या वर दुसरी वेळ: एक ते दोन. तिनं दोन बोटं जवळ आणून खूण केली, समोरासमोर भेटायचं का? कारकुनानं नकाराची मान हलवली. मग हेडफोन लावल्यासारखे हात कानांवर ठेवले. म्हणजे जोडीदारीण एक ते दोन बोलून जाणार, ते संगणकात साठवलेलं टिटवीनं ऐकायचं, आणि आपलं बोलणं तिच्यासाठी ठेवायचं.

"भेटच नाही म्हणजे कमाल झाली," टिटवी मराठीत म्हणाली. मनातला राग ती अलीकडे मराठीतच बोलून टाकायची, कोणाला कळायची भीती नव्हती. कारकून हसला.

पहिल्या दिवशी सात नंबरला बसताना तिच्या काही लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं. टिटवीची उंची चार फूट दहा इंच. जन्मात तिला कुठली खुर्ची आल्याआल्या बसण्याजोगी मिळाली नव्हती. आधी खालचा दांडा ओढा, खुर्ची वर घ्या, मग माईक खाली वाकवा. इथे खुर्ची बरोबर होती. माईक थेट तोंडासमोर होता. हेडफोनची पट्टीसुद्धा तिच्याच डोक्याच्या मापाची.

आपल्यासारखीच बुटकी दिसते, असं मनात म्हणून तिनं सोडून दिलं. उलट बरंच वाटलं.

३

या न भेटलेल्या जोडीदारणीचं नाव टिटवीनं सातनंबर ठेवलं. तिचा आवाज हलका होता, थोडा घोगरा. पहिल्या आठवड्यात ती एक ते दहा आकडे म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात "मला पाणी हवे आहे, तुम्हाला पाणी हवे आहे का" असली पुस्तकी वाक्यं. टिटवीनं तिला सांगितलं, असं कोणी बोलत नाही बाई, आणि अर्धा तास आपण घरी कसं बोलतो ते बोलून दाखवलं. आईच्या नकला केल्या, शेजारच्या काकूंच्या केल्या. नऊ महिन्यांत इतकं मोकळं ती पहिल्यांदाच बोलली.

तिसऱ्या आठवड्यात सातनंबर म्हणाली, "काय गं, आज पण बाईंनी पेन खाली ठेवलं का?"

टिटवीनं ते चार वेळा ऐकलं. वाक्यात चूक नव्हती. खरी गोष्ट म्हणजे तिला कौतुक वाटायला हवं होतं आणि वाटला तो जळफळाट. ही बया तीन आठवड्यांत इथवर पोचते आणि मी नऊ महिने घासतेय तरी दुकानात गेले की बोटानं वस्तू दाखवते. तिनं स्वतःची समजूत घातली: कोणी मराठी शेजारी असेल तिला. आधी शिकली असेल आणि आता आव आणत असेल. आणि बाईंच्या पेनचं काय, ते मीच कधीतरी बोलले असेन. इतकं बोलते मी, सगळं थोडंच लक्षात राहतं.

सातनंबर तिच्यासाठी मँडरिनचा अर्धा तास ठेवायची, तोही टिटवी नेमानं ऐकायची. ऐकताना सगळं सोपं वाटायचं. हेडफोन काढला की डोकं कोरं.

४

रोज तीन वाजता सराव संपला की टिटवी आईला फोन करायची. हा तिचा नेम होता आणि अलीकडे त्याचा तिला ताण यायला लागला होता. आईजवळ बोलण्यासारखं फार काही नसायचं. काकू येऊन गेल्या, गोळी घेतली, डोळ्यात थेंब घातले, नळाला पाणी उशिरा आलं. मग तेच परत पहिल्यापासून. इकडे परीक्षेला सहा आठवडे उरलेले. टिटवी एका कानानं ऐकायची आणि दुसरीकडे वहीत अक्षरं गिरवत बसायची, आणि आईला ते कळायचं. दिसत नसलं तरी कळायचं.

"तू लिहितेयस का काही?"

"नाही गं. बोल तू."

"लिही हो. मी आपली उगाच."

याच आठवड्यात सातनंबरनं मागणी केली. "नुसतं ऐकून किती ऐकू? मला बोलायला माणूस हवंय गं. खरं माणूस, जे मधेच थांबवेल."

टिटवीनं फार विचार केला नाही. आईला बोलायला कोणीतरी हवं होतं, सातनंबरला ऐकायला, आणि टिटवीला एक तास मोकळा हवा होता. तिनं माईकजवळ तोंड नेऊन घरचा नंबर दोनदा सांगितला. संध्याकाळी आईलाही सांगून ठेवलं.

"एक मुलगी फोन करील. मराठी शिकतेय. जरा बोल तिच्याशी, तिला सराव होईल."

"आणि तू?"

"मी पण करीनच ना. परीक्षा होईतो जरा एक दिवसाआड."

आई बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर टिटवीला बोचलं. पण बोचलं ते दहाच मिनिटं, मग ती अक्षरं गिरवायला बसली.

५

सुरुवातीला सगळं छान चाललं. आईचा आवाज उजळला होता. मुलगी गोड आहे, चुकलं की स्वतःच हसते, तासतासभर ऐकून घेते. "तुझ्यासारखी घाई नाही तिला," आई म्हणाली, आणि टिटवीनं ते गिळलं.

मग एके दिवशी आई म्हणाली, "काल तू म्हणालीस ना, काकूंना सांगून डबा बदलून घे म्हणून? घेतला."

"काल मी फोनच नव्हता केला."

"अगं, केलास की."

"ती असेल, आई. ती शिकणारी मुलगी."

"मला वाटलं तूच," आई म्हणाली. "आणि रागावू नकोस, पण तुझं बोलणं हल्ली कसंतरी लागतं कानाला. शिकून आल्यासारखं."

टिटवी रागावलीच. थकले असेन, म्हणाली, दिवसभर परकी भाषा जिभेवर असते. तेवढं एक कारण तिला पटण्यासारखं होतं आणि ते तिनं घट्ट धरून ठेवलं. सत्तरीच्या बाईला फोनवर आवाज सारखे वाटणारच. दोघी एकमेकींचं ऐकून शिकतोय, तेव्हा एकीची लकब दुसरीला लागणारच.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिनं हेडफोन लावला. त्या दिवशी मँडरिनचा भाग नव्हताच. सातनंबर सरळ मराठीत बोलत होती आणि आवाजातला घोगरेपणा गेला होता.

"टिटवे, आज खूप हलकं वाटतंय. बाबांचा चष्मा मी फोडला होता, हे मी काल आईला सांगून टाकलं. फोडून धान्याच्या पिंपात लपवला होता ते पण. ती रागावली नाही गं. म्हणाली, मला वाटलंच होतं."

टिटवीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

टिटवी हे नाव आईनं सांगितलं असेल. ठीक आहे. पण चष्मा नाही. चष्मा आईला माहीतच नव्हता. टिटवी नऊ वर्षांची होती, बाबा दोन दिवस घरभर चष्मा शोधत होते, वेंधळा झालोय म्हणून स्वतःला दोष देत होते, आणि तिनं तोंड उघडलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही. बावीस वर्षांत तिनं ही गोष्ट कोणाला सांगितली नव्हती. रोज अर्धा तास ती या माईकसमोर काय काय बोलली, ते तिनं आठवून आठवून पाहिलं. हे बोलली नव्हती. हे तिनं कुठल्याच भाषेत उच्चारलं नव्हतं.

आणि भीती वाटायच्या आधी तिला वाटलं ते वेगळंच. आईनं माफ केलं होतं, आणि ते ऐकायला टिटवी नव्हती.

६

पुढच्या दिवशी ती दीड वाजताच खोलीत शिरली. जेवणाच्या वेळेत बाईंनी तिला एकटीला वर्गात थांबवून घेतलं होतं, तिथून उठून आली, बाईंनी पेन ठेवलेलं असतानाच.

सरावाच्या खोलीत ऊन होतं. एक ते दोन ही वेळ जेवणाची, त्यामुळे बाकीचे सगळे कप्पे रिकामे. दारातून सात नंबरचा आडोसा तिरका दिसायचा; खुर्चीची पाठ आणि बसणाऱ्याचं डोकं, एवढंच. डोकं होतं. केस वर गुंडाळून त्यांत चिमटा लावलेला. एक हात हेडफोनच्या वायरशी खेळत होता, ती करंगळीभोवती गुंडाळत आणि सोडत. टिटवीनं स्वतःची करंगळी मुठीत आवळली. तिलाही हीच खोड होती.

"डाव्या डोळ्यात घातलेस का थेंब?" आवाज आला. "नाही, आधी डावा. मी धरते फोन, तू घाल सावकाश."

टिटवीनं हाक मारली. काय हाक मारली ते तिला नंतर आठवेना. वायर गुंडाळणारा हात थांबला. डोकं वळायला लागलं, कान दिसला, गालाची कड दिसली, आणि टिटवी धावली. मधल्या कप्प्यांना वळसा घालून जायला दहा पावलंही लागत नाहीत. ती पोचली तेव्हा खुर्ची रिकामी होती. खोलीला दुसरं दार नव्हतं. संगणकावर आवाजाची रेघ अजून चालूच होती, टिटवीच्या धापा टाकण्याबरोबर वरखाली होत.

तिनं तिथूनच आईला फोन लावला. फोन व्यस्त होता. तीन वाजता व्यस्त, पाचला व्यस्त. दुसऱ्या दिवशी वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही, तिसऱ्या दिवशीही. काकूंचा नंबर तिच्या वहीत होता; तिथे आता दुसरंच कोणी बोलत होतं, चुकीचा नंबर म्हणालं. सात नंबरच्या संगणकात नवं काही साठवलेलं नव्हतं. खुर्ची, माईक, सगळं तिच्या मापाचं तसंच.

चौथ्या दिवशी ती नोंदणीच्या खिडकीशी गेली. परीक्षा गेली खड्ड्यात, तिला घरी जायचं होतं.

"मला रजा हवी आहे," ती म्हणाली. "आईला दिसत नाही. घरी ती एकटी आहे."

"कुणाची आई?" कारकुनानं विचारलं.

"माझी. मी मराठीवाली. दोन ते तीन, सात नंबर."

कारकुनानं रजिस्टर काढलं, पानं उलटली, आणि बोट ठेवून पुस्तक तिच्याकडे फिरवलं. टिटवीच्या नावाची ओळ होती. फोटो तिचा. पुढे सही, तिच्याच वळणाची, आणि तारीख गुरुवारची.

"ती गेली ना गुरुवारी," तो म्हणाला. "हेच कारण सांगितलं, आईचे डोळे. रडत होती बिचारी. परीक्षा बुडते म्हणून आम्हाला वाईट वाटलं, पण ती म्हणाली, शिकायचं होतं ते शिकून झालं."

"ती मी नव्हते."

"तू कशी असशील?" कारकून हसला. "तू एक ते दोनवाली. मराठी शिकणारी. तिची चिठ्ठी तुझ्यासाठी मीच तर काढून दिली होती. जोडीदारीण गेली म्हणून मन खट्टू करू नकोस, दुसरी बघू."

टिटवी तिथून निघाली. भांडण्यात अर्थ नव्हता, आधी आई. बाहेरच्या पायऱ्यांवर बसून तिनं फोन हातात घेतला, आणि तेव्हा कुठे तिला कळलं. या माणसाला मँडरिनखेरीज काही येत नाही. त्यानं एकही हातवारा केला नव्हता. तिनंही केला नव्हता.

७

या वेळी पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"कोण?"

आईचा आवाज ऐकून टिटवीला रडूच फुटलं. "आई, मी बोलतेय."

मग आई म्हणाली, "हां, तुम्ही होय. ती म्हणालीच होती, तुमचा फोन येईल म्हणून. कशा आहात?"

"आई, मी टिटवी."

आई हसली. खूप दिवसांनी ती अशी मोकळी हसत होती. "हेसुद्धा शिकवलं का तिनं तुम्हाला? लबाड आहे."

"आई, ऐक माझं. घरात कोण आहे? कोण आलंय तुझ्याकडे?" शब्द जिभेवर येईपर्यंत जड होत होते, एकेक उचलून पुढे ठेवावा लागत होता. "ती मी नाही. तुला खूण सांगते. बाबांचा चष्मा. मी फोडला होता. पिंपात..."

"ते सांगितलं हो तिनं मला," आई समजुतीनं म्हणाली. "तुमच्याशी सगळंच बोलते वाटतं. चांगलं आहे, परक्या मुलखात मैत्रीण हवीच."

दुसरी खूण टिटवी शोधू लागली. एकतीस वर्षांत आई आणि आपल्यातच असं काहीतरी असेलच. होतं, पुष्कळ होतं. पण ते सांगायला लागतील ते शब्द सापडत नव्हते, आणि सापडेपर्यंत आईचं लक्ष दुसरीकडे गेलं. फोनमधून घर ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात कोणीतरी पिंपाचं झाकण लावलं. पावलं बाहेर आली, आईच्या खुर्चीजवळ थांबली.

"कोण गं, आई?"

"तुझी मैत्रीण. किती सुधारलीय बघ, मी क्षणभर फसलेच होते." मग आई पुन्हा फोनवर आली. दिसत नसलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवायची तिची जुनी सवय होती, तशी ती एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं बोलली. "अजून जरा सावकाश बोलत जा. घाई नका करू. रोज अर्धा तास करा मला फोन, मी आहेच. सरावानं येतं."

टिटवीनं हो म्हटलं. दुसरं काही तिला सुचलं नाही, आणि जे सुचत होतं ते मराठीत नव्हतं.